वेळेचे पक्के

शहरबसच्या कचेरीतले हे कारकून नकार देण्याआधी चष्मा पुसतात. उधन्यात हातगाडीपासून वाढवलेल्या माझ्या फरसाणाच्या दुकानापुढचा बसथांबा यांनी दोनशे पावलं पुढे नेला आणि माझं गिऱ्हाईकही त्याच्यामागे गेलं. ‘‘निदान शंभर पावलं तरी मागे आणा,’’ असं म्हणूनही पाहिलं. चष्मा पुसून ते म्हणाले, ‘‘शांती राखो, शेठ. नवे साहेब येऊ द्या.’’

परवा मी पुन्हा कचेरीत गेलो, तर नव्या साहेबांच्या निवडीसाठी मुलाखती होत्या. पाच उमेदवार मोटारीतून उतरले. सहावा घामाघूम होऊन धावत आला. तो उधन्याहून बसनं आला होता.

‘‘तिथला थांबा कुणी हलवला हो? शोधण्यात एक बस गेली, दुसरी उशिरा आली,’’ तो म्हणाला.

मला वाटलं, साहेब व्हावा तर हाच.

कारकुनांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. ‘‘दहा मिनिटं उशीर झालाय. आत जाता येणार नाही.’’

‘‘अहो, उशीर तुमच्याच बसनं केला!’’ मी ओरडलो.

‘‘तेच म्हणतो मी, शेठ. आपल्या बसच्या भरवशावर मुलाखतीला निघणारा माणूस ही कचेरी कशी चालवणार?’’