पाण्याकाठी दिलेला निरोप

"ताप उतरलाय. आज मंगळवार हाय, दिवस मावळायच्या आत तिचे पाय भिजवून आणू," वॉर्डाच्या दाराआड काका जीपवाल्याला सांगत होते. काकीच्या उशाशी बसून मी ते ऐकलं.

काकीला मेंदूज्वर झाला होता. पौडच्या त्या लहानशा इस्पितळात आणली तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती, मान लाकडासारखी ताठ होती. आईमागे मला वाढवलं ते तिने, आणि पुण्याच्या इंग्रजी शाळेत घालण्याचा हट्टही तिचाच. डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावलं होतं. मेंदूभोवती एक अडसर असतो, तो पेनिसिलिनला एरवी फारसं आत येऊ देत नाही. सूज आली की तो सैल होतो, म्हणूनच औषध आत पोहोचतं. सूज उतरू लागली की वाट पुन्हा अरुंद होते. तेव्हा तिला बरं वाटू लागलं, ती उठून बसली, तरी दर चार तासांचं एकही इंजेक्शन चुकवायचं नाही, खाट सोडायची नाही. खरी जपायची वेळ तीच. हे मी काकांना हळू आवाजात सांगितलं होतं. ते म्हणाले, "औषधानं औषधाचं केलं, पोरी. आता देवीचं देवीला नको द्यायला? तुज्या डॉक्टरला तिचं भ्या न्हाई, मला हाय." त्यांचा थोरला भाऊ असाच तापातून उठला होता. त्याला काठावर नेलं नाही, आणि आठवड्यात तो गेला. डॉक्टर त्या दिवशी पुण्याला गेले होते आणि नर्सबाईंचं काका ऐकत नव्हते.

आमच्या देवीचं देऊळ मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. तेव्हापासून घरात कोणी मोठ्या तापातून उठलं की मंगळवारी त्याचे पाय तिच्या पाण्यात भिजवतात. त्याआधी घरातल्या कुमारिकेने काठावर जायचं, देवीला 'आई' अशी हाक मारून कोण येतंय ते मोठ्याने सांगायचं, फूल सोडायचं आणि मागे न बघता परतायचं. त्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. वर्गात हजेरीला उत्तर देतानाही माझा आवाज फुटत नसे. देवावर धड विश्वास नव्हता, धड अविश्वासही नव्हता. शाळेतली प्रार्थना आणि घरातली आरती, दोन्ही मी ओठ हलवून पार पाडत असे.

भर दुपारी मी एसटीने पोहोचले तेव्हा काठावर कोणी नव्हतं. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. मी बोलायचं ते बोलले, फूल सोडलं. ते तरंगलं नाही. कोणी हातात घ्यावं तसं सरळ खाली गेलं. मग दूरवर, देऊळ होतं म्हणतात तिथे, पाण्यावर एक वर्तुळ उठलं. त्याच्या अलीकडे दुसरं, त्याच्या अलीकडे तिसरं. पाण्यातून कोणी चालत यावं तशी वर्तुळांची रांग काठाला येऊन लागली आणि थांबली. दिसलं कोणीच नाही. मी वळले. सडकेपर्यंत मागून ओलं लुगडं पायांवर आपटल्याचा आवाज येत होता. मी मागे पाहिलं नाही. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी उभ्या माणसांपैकी कोणी तिथे बसलं नाही. कंडक्टरने तिकडे एकदा बघितलं आणि न विचारताच दोन तिकिटं फाडली. मी दोन्हींचे पैसे दिले.

इस्पितळात जीप दाराशी लागलेली होती. काका मात्र वॉर्डाच्या उंबऱ्यावर खिळून उभे होते. कोरड्या फरशीवर दारापासून काकीच्या खाटेपर्यंत ओली पावलं उमटली होती. परत जाणारं एकही नव्हतं. नर्सबाई फडकं घेऊन आल्या, पण पुसायला वाकल्या नाहीत. काकी डोळे मिटूनच म्हणाली, "सरका जरा. बसू द्या तिला. लई लांबून आलीया." काकांनी वाट सोडून भिंतीला पाठ लावली. मग जीपवाल्याला म्हणाले, "जा तू. जिच्याकडं न्यायचं, तीच आली."

डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस काकी त्या खाटेवर राहिली, एकही इंजेक्शन चुकलं नाही. ती पावलं कोणाची, हे मी कोणाशी वाद घालून ठरवलेलं नाही. पण डॉक्टरांचं एक वाक्य मनातून जात नाही. ज्या सुजेने ती मरणाच्या दारात गेली, तिनेच औषधाला आत वाट दिली. माझंही तसंच झालं असावं. एरवी माझ्या आत कोणाला जागा नव्हती. त्या दुपारी भीतीने सगळं सैल झालं, हातात काहीच उरलं नाही, आणि मग कोणीतरी आत आलं. ते दार पुन्हा मिटू नये, एवढंच मी आता मागते.

पावसाळा सरल्यावर काकी आपल्या पायांनी काठावर आली. ओटी पाण्यात सोडून तिने माझा हात धरला. "त्या दिवशी हितं काय म्हणालीस गं? माजंच नाव घेतलंस ना?"

तोवर मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. पाण्याकडे बघत, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मी म्हणाले, "म्हटलं, आई, काकी आज येणार नाही. तूच ये."