नवऱ्याच्या पाठीवर ठेवलेला पाय

"मणक्याचा टीबी," पुण्याचे डॉक्टर एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून म्हणाले. "म्हणजे क्षय. हाड आतून पोखरलंय. पाठ कुणी दाबली होती का?"

मी पदर तोंडाशी धरला. माझ्या नवऱ्यानेच उत्तर दिलं, "न्हाई डाक्टर. बैलगाडीवरनं पडलो."

ते पडले नव्हते. मी पाय दिला होता.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. आमच्या मुठा गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माझ्याकडे येई. पालथं निजायचं, अंग सैल सोडायचं. श्वास सोडला की मी डाव्या टाचेने कमरेपासून वर तीनदा दाबायची. कट् असा आवाज येतो, कळ जाते, पाठ ऊन लागते. बहुतेकांना बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

ह्यांची पाठ मात्र तीन महिने दुखत होती. संध्याकाळी ताप येई, जेवण जात नव्हतं. पण नवऱ्याला पाय लावणं पाप, म्हणून मी टाळत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जगाला पाय देतीस आन् माझ्या लेकालाच न्हाई व्हय? दे. पाप लागलं तर मला लागंल."

मी आधी ह्यांच्या पाया पडले, मग पाठीवर पाय ठेवला. टाचेला मणक्याचं टेंगूळ लागलं. तरी दाबलं. आठवड्यात त्यांचे पाय लुळे पडले. पौडपर्यंत बैलगाडीत, तिथून एसटीने पुण्याला आणलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी खरं सांगून टाकलं. "पाय एरवीही गेले असते की तुमच्यामुळे गेले, हे मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कित्येक महिने प्लास्टर, रोज स्ट्रेप्टोमायसिनचं, म्हणजे क्षयावरच्या औषधाचं इंजेक्शन. ताप गेला, जीव वाचला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पायांत बळ मात्र परत आलं नाही, पायांना लावलेला हातही कळेना.

अजून लोक येतात. मी आधी पाठीवरून हात फिरवते, संध्याकाळी अंग तापतं का विचारते. तापत असेल तर पौडच्या दवाखान्यात धाडते. तुम्हीही कुणाला पाठ दाबू देण्याआधी एवढं बघा.

रोज दिवेलागणीला मी ह्यांच्या तळपायांना तेल चोळते. ते आढ्याकडे बघत बोलत राहतात. माझं चोळून झालेलं असतं, हातही पुसलेले असतात, तेव्हा ते म्हणतात, "बास की आता, दमली असशील."