परातीतलं मशीन

"आधी दखी ल्या, मंग खोला," ती म्हणाली आणि परात माझ्यापुढे सरकवली. आधी बघून घ्या, मग खोला. दर वेळी हेच म्हणायची. ओट्यावर आमच्या दोघांच्या मध्ये लाकूड कापायचं पेट्रोलचं छोटं मशीन होतं. दुकानात त्याला चेनसॉ म्हणतात, आमच्या गल्लीत नुसतं मशीन. दोरी ओढली की भुर्र करायचं आणि बंद पडायचं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

मी पेचकस फिरवायचो, निघालेला भाग ती परातीत ठेवायची. ठेवायची तिची एक रीत होती. परातीच्या काठाला एका जागी पोचा आहे. पहिला भाग त्या पोच्याजवळ, दुसरा त्याच्या शेजारी, असं गोल गोल जायचं. कुरडया घालणारी बाई जशी एका कडेनं जाते तसं. बसवताना शेवटून उलटं यायचं. तिच्या परातीतून कधी स्क्रू हरवला नाही. माझ्या खिशातून पुष्कळ हरवले.

प्लग काढला तर तो कोरडा. म्हणजे पेट्रोलच वर येत नव्हतं. मग कार्बेटर खोलला. त्याच्यात एक पातळ काळा पडदा असतो. तो हलला तर पेट्रोल ओढलं जातं. आमचा कडक होऊन गेला होता. तिनं तो उजेडाकडे धरला, बोटात दाबून पाहिला. "हाऊ ते वायेल भाकरना पापुद्रा शे." वाळलेल्या भाकरीचा पापुद्रा. नवा पडदा शहाद्यालाच मिळणार होता. "सकाय लई या," म्हणाली, उद्या घेऊन या. परातीवर दुसरं ताट उपडं घातलं आणि वर दगड ठेवला, कोंबड्या चोची मारतात म्हणून. मग ती चूल पेटवायला आत गेली.

बायकोचं नाव लिहीत नाही. जन्मभर तिनं माझं घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही. आता घेऊन काय करू. तुमच्या गल्लीतही अशी एखादी बाई असेल. तोंडानं फटकळ, हातानं सावकाश.

मशीन तिच्या हट्टामुळेच आलं. बांधावर बाभळी होत्या, चुलीला लाकूड लागायचं, माझा खांदा कुऱ्हाडीला नाही म्हणायला लागला होता. मशीन आलं त्या दिवशी मी चेन चढवली आणि सगळ्या गल्लीदेखत बाभळीवर लावली. आवाज असा की कोंबड्या पळाल्या. धूर निघाला, लाकूड काळं पडलं, पण कापेना. लोक म्हणाले, फसला म्हातारा. ती पुढे आली, मला मशीन बंद करायला लावलं, चेनच्या दातावरून बोट फिरवलं. म्हणाली, विळा पाठीकडून चालवला तर गवत कापलं जाईल का. मी चेन उलटी बसवली होती. लोक हसले, तीही हसली. मी नाही हसलो. जेवताना हसलो.

एकदा कार्बेटरचं भोक बुजलं तर मी तार घालायला निघालो. तिनं माझा हात धरला. तारेनं भोक मोठं होईल, कानातला मळ काय खिळ्यानं काढता का, म्हणाली. खराट्याची काडी आणली, तोंडानं चावून मऊ केली आणि भोक साफ करून दिलं.

मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं. ते मिसळायचं काम तिचं. सरबताच्या बाटलीत करायची, ऑइलमुळे रंगही सरबताचाच यायचा. एकदा जावई उन्हातून आले आणि कोनाड्यातली ती बाटली त्यांनी तोंडाला लावली. जावयापुढे ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, त्यांच्याशी बोलायचं तर पोरीमार्फत. त्या दिवशी पदरबिदर काही नाही, सरळ हातावर चापट मारली. बाटली उडाली, जावई घाबरले. मग तिनं पोरीला सांगितलं, त्यांना विचार लागलं तर नाही ना. जावई समोरच उभे.

पण आमच्या गल्लीत ते मशीन चुलीच्या लाकडासाठी ओळखलं जात नव्हतं.

शेजारची म्हातारी वारली तेव्हाची गोष्ट. कुऱ्हाडीनं सरणाची लाकडं फोडता फोडता संध्याकाळ झाली. तोवर म्हातारी ओसरीवर आणि तिची सून माश्या वारत बसलेली. ही तिच्याजवळ बसून होती. घरी आल्यावर मला म्हणाली, यापुढं कोणाच्या घरी मयत झाली तर आपलं मशीन जाईल, कोणी मागायची वाट बघायची नाही. भाडं नाही, पेट्रोलही आपलंच.

तेव्हापासून रीत पडली. घरात कोणी गेलं की त्या घरचा माणूस यायचा आणि आमच्या दारात गप उभा राहायचा. मागायचा नाही, आत यायचा नाही. ती बघायची, कोठीमागून मशीन काढायची, बाटली काढायची, त्याच्या हातात द्यायची. एक शब्द नाही. मशीन परत आलं की उंबऱ्याबाहेर ठेवायची, त्याच्यावर पाणी शिंपडायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. भुसा काढायचा, दात कानशीनं घासायचे, दोरी ओढून सुरू करून बघायचं. मला कंटाळा यायचा. म्हणायचो, उद्या करू, आज कोणी मरणार आहे का. ती म्हणायची, "मौत काय सांगीसन येस का?"

या रीतीनं एकदा गंमत झाली. वरच्या आळीतला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. स्वभावानं लाजाळू, बोलायला वेळ लागायचा. तो तोंड उघडेपर्यंत हिनं मशीन आणून त्याच्या हातात दिलं आणि डोळ्याला पदर लावला. "मन्हा घर कोनी मरेल नही, माय," म्हणाला. "ताक मांगाले उनू." ती इतकी हसली की ताक ओतताना सांडलं. त्या दिवसापासून दुसऱ्या कामाला येणारी माणसं गल्लीच्या वळणापासूनच मोठ्यानं बोलत यायची. विरजण पाहिजे, वहिनी. चाळणी देता का, वहिनी. सगळे जिवंत आहेत, वहिनी.

तर त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली, पीठ मळलं आणि हात धुऊन भिंतीला टेकून बसली. छाती भरून आली म्हणाली. मी पाणी आणलं. गाडी सांगायला शेजारचा पळाला. गाडी आली तेव्हा तिच्यात बसायला कोणी उरलं नव्हतं. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मुलगा सुरतेला असतो, तो निघाला. पोर जवळच दिलेली, ती आली. सकाळी गल्लीतली माणसं जमली आणि त्यातला एक जण सवयीनं दारात येऊन गप उभा राहिला. मी वर पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं, ताटावरच्या दगडाकडे. तो कुठल्या दारात उभा आहे ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असेल.

"मशीन उघडं शे," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. थोड्या वेळानं कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले. सुरतेहून मुलगा आला तरी लाकडं झाली नव्हती. पोर आईच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. मी बसून आवाज मोजत नव्हतो, पण कुऱ्हाड थांबली की कळत होतं. गल्लीत इतक्या घरांना जे वेळेवर मिळालं ते हिला मिळालं नाही. कोणाचा दोष नाही. एक पडदा कडक झाला, एवढंच. दिवस कलताना नदीवर नेली.

रात्री शेजारच्यांनी भाकरी आणल्या. लोक समजावत होते, मी मान हलवत होतो. मला सारखं ते ताट दिसत होतं. वाटत होतं, गल्लीत आज कोणाला काही झालं तर तो माणूस येईल, दारात उभा राहील आणि मी पुन्हा तेच सांगीन. मग तो परत कधी येणार नाही. लोक कुऱ्हाडी घासून ठेवतील, रीत मोडून जाईल. तिची तेवढीच एक गोष्ट गल्लीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, जुना पडदा कागदात गुंडाळला आणि टोपी घातली. मुलगा म्हणाला, बाबा, सुतकात दुकानात जायचं नसतं, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, "म्हनोत. तुन्ही माय मशीन उघडं ठेवती का?" तो म्हणाला, मी जातो. मी म्हणालो, तुला पडदा कळायचा नाही.

पहिल्या एसटीनं शहाद्याला गेलो. दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसलो. पडदा घेऊन परत आलो तर ओट्यावर बसायला आलेली माणसं होती. ती सरकली. मी ताट काढलं. तिनं ठेवले तसेच सगळे भाग होते. शेवटून सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनं धरायला कोणी नव्हतं म्हणून मशीन गुडघ्यात दाबलं. मुलगा पुढे झाला, त्याला नको म्हणालो. दोनदा चुकलं, दोनदा काढलं.

दोरी ओढली. पहिल्यांदा नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा पकडलं. मयताच्या घरातून एवढा आवाज, आया-बाया दारात येऊन बघायला लागल्या. बाभळीचा एक ओंडका पायाखाली घेतला आणि कापून बघितला. सरळ कापला. बंद केलं, पुसलं, आणि कोठीमागे न ठेवता दारातच ठेवलं, मला आता वाकवत नाही.

बाटली हलवून पाहिली. तळालाच थोडं होतं. तेवढ्यानं एका घरचंही काम झालं नसतं. बाटली घेतली आणि पेट्रोल आणायला निघालो.