शिडी धरणाऱ्या माणसाचे पैसे

बातमी आली तेव्हा मी दुकानात एका ट्रॅक्टरवाल्याला दर सांगत होते. त्याला ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मुलाचं नाव हवं होतं, रेडियममध्ये, लाल. फळी गंजलेली होती, म्हणून घासायचे वेगळे पडतील असं मी त्याला म्हणत होते. तेवढ्यात समोरच्या एसटीडी बूथवरचा माणूस रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, नगरहून फोन होता, पेंटर गेले. ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिला. मी त्याला म्हणाले, अक्षरांचे एवढे, घासायचे एवढे, पुढच्या आठवड्यात या. मग टपरीच्या फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि घरी गेले. लोक म्हणाले, बाई दगड आहे. असेल. त्या वेळी तोंडातून दुसरं काही निघालं नाही, एवढं मला माहीत आहे.

पेंटर म्हणजे माझा धाकटा भाऊ बबन. वय सेहेचाळीस. तीन दिवस आधी काम करताना तो शिडीवरून पडला होता. त्याची बायको कमल नगरच्या दवाखान्यात त्याच्याजवळ होती आणि मी शेवगावात दुकान धरून बसले होते. आज सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेली बाई. लिहायची सवय म्हणावी तर दुकानातल्या पुठ्ठ्यावर दर लिहिण्यापुरती. पण पेपरच्या पुरवणीत बाकीच्यांचे गेलेले भाऊ, बहिणी, मास्तर येतात, तसा बबनही यावा असं वाटलं. शिवाय एक गोष्ट सांगायची आहे, ती मीच सांगायला हवी.

आई गेली तेव्हा बबन पाच वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याला मीच वाढवला. शाळेत तो पाटीवर गणित सोडून पाटीची चौकट रंगवायचा. पुढे नगरला एका पेंटरकडे दोन वर्षं हाताखाली राहिला आणि परत येऊन बोर्ड रंगवायला लागला. शाळांच्या भिंती, पिठाच्या गिरण्या, सोसायटीचे बोर्ड... शेवगाव तालुक्यात पंधरा वर्षं त्याचा ब्रश फिरला. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या फाटकावरची अक्षरं त्याने फुकट काढली, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. बाकीच्या फुकट कामांबद्दल मात्र रोज बोलले.

मालक वारल्यावर मी माहेरी आले आणि बाजारात भाजी विकायला बसले. वीस वर्षं बसले. गुडघे गेले तेव्हा बबन म्हणाला, आता माझ्या टपरीत सावलीला बस. तेव्हा नुकतं रेडियम आलं होतं. चिकट पाठीचे कागद, रंगीत, काही रात्री दिव्यात चमकणारे. बबन पाठीमागून पेन्सिलीने उलटी अक्षरं काढायचा, ब्लेडने कापायचा, साबणाचं पाणी मारून जागेवर लावायचा आणि कापड गुंडाळलेल्या पट्टीने दाबत दाबत खालची हवा काढायचा. ब्रशने दोन दिवस लागायचे ते दोन तासांत व्हायला लागलं. टेम्पो, ट्रक, ट्रॉल्या, दवाखान्यांच्या काचा... काम लाइन लावून यायचं आणि घरात तरी पैसा दिसायचा नाही. का, ते मला सावलीला बसल्यावर चार दिवसांत कळलं.

बबन दर सांगायचाच नाही. "आधी लावू, मग बोलू," म्हणायचा. लावून झालं की गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघायचा. चप्पल झिजलेली असली की कमी, मास्तर असला की त्याहून कमी, ओळखीचा निघाला की चहावर. आणि आधी बोलायची वेळ आलीच तर अक्षरं मोजून सांगायचा, बाकी काही विचारायचाच नाही. एकदा खर्ड्याच्या एका हॉटेलवाल्याच्या काचेवर नऊ अक्षरं लावायला गेला. दोन गाड्या बदलून पोचला तर काचेवर आधीचा बोर्ड चिकटलेला, उन्हाने भाजून दगड झालेला. दिवसभर तो पात्याने खरवडत बसला आणि नऊ अक्षरांचे पैसे घेऊन आला. एसटीचं भाडंसुद्धा सुटलं नव्हतं. खरवडायचे का मागितले नाहीस म्हटलं, तर म्हणाला, "बोलून गेल्तो ना आक्का. आता कसं फिरायचं?" आणि वर हॉटेलवाल्याची मिसळ किती चांगली होती तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा आणला. त्यावर चार ओळी लिहिल्या. अक्षरं किती. कशावर लावायची. गाव किती लांब. जमिनीपासून किती उंच. गिऱ्हाईक आलं की मी चारही गोष्टी विचारायची आणि मगच आकडा सांगायची. मेथीची जुडी घेताना सुद्धा बाई आधी निम्म्याने मागते, मला त्याची सवय होती. एक मोटारसायकलवाला म्हणाला, "मावशी, एवढ्याशा प्लॅस्टिकचं एवढं व्हय?" मी म्हणाले, "प्लॅस्टिक फुकट न्या. चिकटवा घरी जाऊन." तो पण वस्ताद, खरंच घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा टाकीवरची अक्षरं घरीच कात्रीने जावळ काढलेल्या डोक्यासारखी वेडीवाकडी झाली होती. मी त्याला नवीन अक्षरांचे आणि जुनी काढायचे, दोन्ही लावले. बबनने ती काढून नवीन लावून दिली आणि माझी पाठ वळल्यावर निम्मे पैसे परत केले. मला दिसलं होतं.

चौथी ओळ उंचीची. तिच्यात सगळे पैसे दादू हमालाचे होते. दादू मार्केट यार्डात पोती वाहायचा, साठी आली तेव्हा पाठ गेली. माणसाच्या डोक्यापेक्षा वर काम असलं की बबन त्याला बरोबर न्यायचा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायचा. दादूचं काम एकच, शिडी धरून उभं राहायचं. तंबाखू खायचा, वर चढलेल्या बबनला गावभरच्या भानगडी सांगायचा, पण हात शिडीवरून काढायचा नाही. कुणी चहा आणला तर म्हणायचा, "ठिवा तिथं. पेंटर खाली आल्यावर पितो." गिऱ्हाइकं हसायची. नुसतं उभं राहायचे पैसे घेतो म्हणायची. दादू म्हणायचा, "मी हुबा हाय म्हणून त्यो वर हाय."

मग कॉम्प्युटर आला. आधी नगरला, मग शेवगावातच स्टँडजवळ एका पोराने मशीन टाकलं. मशीन अक्षरं कापायचं आणि तो फुटावर दर सांगायचा. आमच्या दरात त्याच्याकडे दीडपट अक्षरं यायची. लावायला तो कुणाला तरी पाठवायचा, ते कसं लावायचे ते जाऊ दे. गिऱ्हाइकं आमच्याकडे यायची, आकडा ऐकायची आणि तिकडे जायची. एका महिन्यात तर आम्ही नंबर प्लेटींवरच जगलो. मी बबनला म्हणाले, अक्षराचा दर उतरवू. माझ्यासमोर कधी आवाज न चढवणारा माणूस तो, त्या दिवशी ब्लेड खाली ठेवून म्हणाला, "अक्षराचं कमी करू नको, आक्का. त्यो माझा हात हाय. बाकी काय बी कर."

मी बाकीचं केलं. पुठ्ठा घेतला आणि चौथी ओळ खोडली.

बबन बघत होता. म्हणाला, "आन् शिडी?"

"दुकानदार धरील की. त्याचंच दुकान हाय."

त्याने परत ब्लेड घेतलं. दादूला मी स्वतः जाऊन सांगितलं, बबनवर ढकललं नाही. दादू म्हणाला, "काय बाई, त्या मशीननं शिडी बी धरली का?" मला राग आला आणि मी निघून आले.

आमचा आकडा खाली आला, गिऱ्हाईक थोडं परतलं. आठ महिने काही झालं नाही. कधी दुकानदार धरायचा, कधी त्याचा गडी, कधी रस्त्यावरचा कुणी. मी मनात म्हणायची, इतकी वर्षं उगाच देत होतो.

गेवराईच्या रस्त्याला एका गावात एक कापड दुकान आहे. तिथे शटरच्या वर पत्र्याचा बोर्ड आणि त्यावर अकरा अक्षरं, वीतभर उंचीची. दर मीच सांगितला होता. बबन सकाळी गेला, पत्रा पुसला, अक्षरं लावायला लागला. दुकानदार खाली शिडी धरून होता. भला माणूस, सात अक्षरं होईपर्यंत त्याने धरली. मग दोन बायका आल्या लुगडी बघायला. तो आत गेला. खाली शहाबादी फरशी, साबणाचं पाणी ओघळलेलं... शिडी पायातून सरकली. बबनचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी नगरला जाऊन त्याला बघून आले. डोक्याला पट्ट्या होत्या, डोळे उघडे होते. मला ओळखलं. म्हणाला, चार अक्षरं राहिली. मी म्हणाले, राहू दे. थोड्या वेळाने म्हणाला, "त्याचं गिऱ्हाईक आलं हुतं, आक्का." एवढंच. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. तो दुकानदाराची बाजू घेत होता असं तेव्हा मला वाटलं. परत येताना एसटीत मला कळलं की कुणालाही दोष द्यायचा नाही म्हणून तो ते बोलला, आणि त्यात मीही होते. गिऱ्हाईक आलं की दुकानदार काउंटरवर जाणारच. मी गेले असते. वीस वर्षं बाजारात बसलेली बाई मी, भावाचा जीव अशा माणसाच्या हातात दिला ज्याचं लक्ष दारात येणाऱ्यावर असतं. बबनला हे माहीत नसेल, पण मला माहीत असायला हवं होतं.

बबन गेल्यावर घरात माणसं भेटायला यायची. कमल प्रत्येकाला सांगायची, त्या दुकानदाराने शिडी सोडली. रडत नव्हती, नुसतं सांगायची. मी शेजारी बसून ऐकायची. चौथी ओळ तिला माहीत नव्हती. दराचं घरी काही बोलायचं नाही असा बबनचा नियम होता. जलदानविधी झाला, पाहुणे गेले, तरी मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज दुसरं काही काम निघायचं. काम निघत नसतं, आपण काढतो.

मग एके दिवशी दुपारी तो दुकानदार घरी आला. दारातच उभा राहिला, चपला काढू की नको असा. पाकीट पुढे करून म्हणाला, पेंटरचे पैसे, अकराही अक्षरांचे, आणि वर थोडे. कमल भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "त्याला म्हणावं शिडी सोडाया लाजला न्हाई, आता दारात याया बरा लाजतो."

माणूस मान खाली घालून उभा. तेव्हा मी बोलले.

"कमल, शिडी धरणारा माणूस दरात हुता. त्यो मी काढला. दादूचं पैसं वाचवाया. ह्याला धरायला लावा असं मीच ठरीवलं."

कमलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग उठून आतल्या खोलीत गेली. दुकानदाराला मी म्हणाले, पैसे ठेवू नका, काम पुरं झालेलं नाही. तो गेला.

चार दिवस कमल माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पुढे सरकवायची, जायची. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पाचव्या दिवशी सकाळी ती टपरीत आली. हातात बबनची कामाची पिशवी होती, पडला त्या दिवशीची. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार अक्षरं, कापून तयार. घरी नंबर प्लेटी कमलच लावायची, हात तिचा बरा आहे. म्हणाली, "हे लावून टाकू. दादूला बोलवा." एरवी मला सासूच्या मानाने आत्या म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही. अजून म्हणत नाही.

आम्ही तिघं गेलो. कमल पदर खोचून शिडीवर चढली. तिने पहिल्यांदाच इतक्या उंचावर काम केलं. दादूने खाली दोन्ही हातांनी शिडी धरली, त्या दिवशी भानगडी सांगितल्या नाहीत. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. दुकानदार आमच्याकडे बघत आत गेला. जायलाच हवं, त्याचं दुकान आहे. दादूने मान वर केली नाही. झाल्यावर दुकानदाराने किती विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कमल म्हणाली, "अक्षरांचं ठरलेलं. शिडीचं येगळं." शिडीचे आले ते तिने दादूच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले. तो नको नको म्हणत राहिला.

निघताना मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बोर्ड बघितला. दोन अक्षरांमधलं अंतर बबन पट्टीने कधी घ्यायचा नाही. मधलं आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं आडवी ठेवायचा आणि पुढचं अक्षर लावायचा. कमलनेही तसंच केलं होतं. पण तिची बोटं बारीक. सातव्या अक्षरापर्यंत अंतर मोकळं आहे आणि तिथून पुढे अक्षरं जवळ जवळ येतात. नीट बघणाऱ्याला कळतं. दुकानदाराच्या लक्षात आलं, त्याने मला हळूच विचारलं की परत सरळ करून घ्यायचं का. मी म्हणाले, राहू द्या. त्या रस्त्याने एसटीने जाताना आता मी तो बोर्ड दिसेल त्याच बाजूच्या खिडकीत बसते.