कूलरवरचा पत्रा

आमच्या पिपलानी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी विमान उडवते, असं आई शेजारणींना सांगायची. खरं तर मी फक्त पत्रा उडवत होते, तोही कॉम्प्युटरवर. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या विमानाचा पत्रा हवेने तापतो, फुगतो, थरथरतो. तो किती फुगेल हे सांगणं, ही माझी पीएचडी.

सरळ मार्ग म्हणजे पत्र्याचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशोब करायचा. त्याला दिवसचे दिवस लागत, आणि मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून! आईचा प्रश्न ठरलेला, "गेलं का गं सगळं?" हिवाळ्यात एकदाच तो हिशोब कसाबसा तडीस गेला. म्हणून मी छोटं मॉडेल रचलं. पत्रा ज्या मोजक्या आकारांत वाकतो, तेवढेच धरायचे. ते चटकन व्हायचं, पण त्यातला पत्रा हट्टी, हिवाळ्यातल्या हिशोबाइतका फुगायलाच तयार नाही. अगदी माझ्यावर गेला होता. शेवटी माझे गाइड सर म्हणाले, "देखो बेटा, सोमवार तक मैच नहीं हुआ तो टॉपिक बदल देंगे." घरी येऊन मी दार आपटलं.

रविवारी दुपारी आई म्हणाली, "विमान नंतर उडव, आधी कूलरमध्ये पाणी भर."

मी चरफडत अंगणात गेले, पाइप लावला. उन्हाने कूलरवरचा पत्रा ढबकन फुगला. मी रागाने तो अंगठ्याने दाबला. एका बाजूचे स्क्रू कधीचेच पडले होते, ती कडा बाहेर सरकली. अंगठा काढला तर पत्रा फुगला आणि कडा आत आली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच!

अंगावर काटा आला. पत्रा वर येताना आडवाही सरकतो! विमानात कडा घट्ट असल्या, तरी मधला पत्रा सरकणारच. माझे आकार नुसते वर-खाली होणारे. सरकायला जागाच दिली नाही, तर तो बिचारा फुगणार कसा?

पाइप तसाच टाकून मी आत पळाले. प्रत्येक आकाराला त्याचं आडवं सरकणं जोडलं आणि हिशोब लावला. आईने चहा टाकला होता, तो उकळायच्या आत पडद्यावर रेघ आली आणि थेट हिवाळ्यातल्या हिशोबाच्या रेघेवर जाऊन बसली. मी किंचाळलेच.

तेवढ्यात लाइट गेली.

स्वयंपाकघरातून आईचा काळजीचा आवाज आला, "गेलं का गं सगळं?"

"गेलं तर जाऊ दे!" मी हसत, रडत ओरडले. "लाइट आली की तू परत चहा टाक, तो होईपर्यंत परत करते!"