थोरल्या आपाचं नाव

आमच्या डोंगरातल्या सारीदोबो गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक शेगडी आणि नर्स सोनुनबूबू. मी तिला सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई म्हणते, कारण ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे आणि रागावतेही सख्ख्या थोरल्या बहिणीसारखी. मी इथल्या शाळेत शिकवते. मी या गावची लेक. लग्नानंतर नवऱ्यालाच इकडे ओढून आणलं, त्यामुळे कुणाचंही नाव घ्यायला मला मुभा आहे. एजे मात्र इथली सून. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तोंडातून काढायची नाहीत, आणि निम्मं गाव तिच्या सासरचं. उंच काका, नदीकाठचे काका, थोरली आपा म्हणजे थोरली आई, असं म्हणतच तिनं तेवीस वर्षं त्यांची दुखणी काढली.

बाईला तिकडचं काही दुखणं झालं की आमच्याकडे ‘थंडी बसली’ म्हणतात आणि लोकरीचे मोजे चढवून गप्प बसतात. एजेची आई त्या ‘थंडी’नंच गेली, त्रेचाळिसाव्या वर्षी. म्हणून त्या शब्दावर तिचा भारी राग.

तपासणीचं सामान जिल्ह्याहून येणार असं कळलं, तेव्हा ती घराघरांत गेली. “गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका दिवसात होत नाही गं,” ती सांगायची. “आधी पेशी बिघडतात, वर्षानुवर्षं. तेवढ्यात धरला की होतच नाही. लेकींना लस, आपल्याला तपासणी. यात लाज कसली? बाळंतपणं काय मोजे घालून केलीत?” बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या, पण आल्या. एकवीस जणी! मेंढ्यांच्या लसीकरणालाही आमच्याकडे इतकी गर्दी होत नाही.

चूक झाली ती त्याच दिवशी. नमुने एजे घेत होती आणि नमुना ठेवायच्या काचेवर नावं लिहीत होती जिल्ह्याहून आलेली शहरातली पोरगी. एजे आतून सांगायची, ही लिहायची. सासरच्या वडीलधाऱ्या बायका आल्या, तशी एजेची जीभ सवयीनं वळली. ‘थोरली आपा’ अशा तीन काचा गेल्या. त्या पोरीला वाटलं, हेच आडनाव असेल.

महिन्याभरानं निकाल आले. एकोणीस जणी ठीक होत्या. एकीला साधा दाह होता. आणि एका ‘थोरल्या आपा’च्या पेशी फार बिघडलेल्या, तिला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवा, असं लिहिलं होतं. कोणती थोरली आपा? एजेच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्यासमोर कागद धरून म्हणाली, “भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. नाव घ्यायला लाजले मी, आणि आता कुणाचा जीव टांगलाय तेच मला ठाऊक नाही.”

तिनं तिघींनाही पुन्हा बोलावलं. दोघी आल्या, दोघींचे नमुने चांगले निघाले. उरली तिसरी, एजेची चुलत सासू उलकान, वय अठ्ठावन्न. म्हणजे ती काच तिचीच. आणि नेमकी तीच येईना. सात पोरं वाढवलेली, जबर बाई. नात बेगाइम अकरा वर्षांची, शाळेत लस येणार होती, तर “पोरी वांझ होतात त्यानं” म्हणून तिनं सुनेकडून आधीच नकार लिहून घेतला होता. तपासणीसाठी निरोप गेला की उत्तर यायचं, “सांगा तिला, कुणाची काच कुणाची हे जिला कळत नाही, तिनं मला शिकवू नये.” बोलणं खोटं नव्हतं, हेच एजेला जास्त लागायचं.

बर्फ पडायच्या आधी उलकानच्या अंगणात लोकरीचं जाजम थापायला बायका जमल्या होत्या. मीही होते. गरम पाणी ओतून गुंडाळी पायांनी तुडवायचं काम चाललं होतं, तेवढ्यात एजे आली. तिनं बूट काढले, ओळीत उभी राहिली आणि तुडवू लागली. उलकान चुलीपाशी बोरसोक, पिठाचे छोटे तुकडे, तळत होती. तिच्याकडे न बघता म्हणाली, “पाय चालवायला आलीस की जीभ?”

“दोन्ही,” एजे म्हणाली. मग तिनं पाय थांबवले. “चूक माझी आहे. तुम्हाला नाव आहे आणि मी ते लिहून दिलं नाही. आज सगळ्यांदेखत घेते. उलकान, एसेनकुलची लेक! ती काच तुमची होती. आजार अजून झालेला नसावा, पण व्हायच्या वाटेवर आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला.”

अंगणात कुणी हलेना. सुनेनं सासूचं नाव घेतलं, आणि वर तिच्या बापाचंही! मला वाटलं, आता तेलाची कढई उडते.

उलकाननं झारा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “आई गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती मला.” डोळे पुसून तिनं लगेच आवाज चढवला, “आणि तू काय उभी? पाणी निवतंय, तुडव! उद्या किती वाजता निघायचं ते सांग.”

एजे तिच्याबरोबर गेली, चार दिवस राहिली. बिघडलेला भाग तेवढा काढला, कर्करोग झालेलाच नव्हता. आता दर काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. इतकी वर्षं अंगात मुरलेली रीत एजेनं एका बाईच्या जिवासाठी भर अंगणात मोडली, आणि त्याबद्दल गावात महिनाभर बोलणी खाल्ली. मला तिचा फार अभिमान वाटतो. तिच्यासमोर हे बोलले तर ती मलाच झापेल.

वसंतात शाळेत लसीचा दिवस आला. अर्ध्या आया दाराबाहेरच घुटमळत होत्या. कुजबुज चालली होती, “उलकान आपाला थंडी बसली होती म्हणे...” तेवढ्यात खुद्द उलकान आली, बेगाइमला दंडाला धरून. तिनं ऐकलं आणि सगळ्यांना पुरेल इतक्या आवाजात म्हणाली, “थंडी नाही गं! गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होणार होता मला. सात पोरं ज्या वाटेनं आली, त्या वाटेवर मरण बसलं होतं, आणि मला पत्ता नाही. ही लस माझ्या वेळी असती तर मी रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहिले असते.” मग तिनं स्वतःच नातीची बाही वर केली.