उतारावर ट्रॅक्टर मागे

भूगावहून सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा बेत साधा होता. मुळशी धरणाचं पाणी बघायचं, कुठेतरी गरम भजी खायची आणि जेवायच्या वेळेला घरी परत. आम्ही म्हणजे मी, एक्क्याऐंशी वर्षांचे माझे वडील अण्णा आणि त्यांची शेवाळी रंगाची, दोन दारांची गाडी. ती माझ्याहून वयाने मोठी आहे. अण्णा तिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. वर्षभर मी "आता चालवणं बंद करा" म्हणतोय आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. ही फेरी शेवटची, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यांना सांगायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

भुकूमच्या नव्या इमारती मागे पडल्या, पिरंगुटचा घाट झाला आणि पौडनंतर दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात लागला. काचा खाली केल्या की इंद्रायणी तांदळाचा वास थेट आत. पाणी पाहिलं, भजी खाल्ली. अण्णांनी चौथी तळलेली मिरची संपवून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. इथवर सगळं झकास.

परतताना पौडच्या अलीकडे गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. पेट्रोलचा पंप गेला होता. गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन होती, पण अण्णा कडाडले, "नाकात वेसण घालून नेणार तिला? मुळीच नाही!" मग मी अतिशहाणपणा केला. हिंजवडीकडे रिकामी चाललेली एक कॅब थांबवली आणि तिच्याकडच्या नायलॉनच्या दोरीने आमचा पुढचा बंपर तिला बांधला. पहिल्याच हिसक्याला बंपर निखळून रस्त्यावर. कॅबवाला "सॉरी भैया" म्हणून निघून गेला. अण्णांनी बंपर उचलला, रुमालाने पुसला आणि मागच्या सीटवर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. चालवणारे साठीचे, डोक्याला टॉवेल. नाव दत्तोबा.

"कुनी बांधली हुती?"

"मी."

"बंपर काय वडाया असतोय व्हय? त्यो शोभंचा!"

ते सरळ गाडीखाली शिरले. पुढच्या चाकांमधल्या जाड लोखंडी दांड्याला त्यांनी सोल (जाड दोर) बांधला आणि मागून येणाऱ्यांना दिसावा म्हणून मध्यावर टॉवेल लटकवला. मग नियम सांगितले. गिअर न्यूट्रल. दोर सैल पडू द्यायचा नाही. "आन् मी हात वर केला की ब्रेक."

मी म्हणालो, "अण्णा, मी बसतो स्टिअरिंगवर."

"तिला तुझा हात माहीत नाही," म्हणत ते बसलेसुद्धा.

निघालो. सपाटीवरच दोनदा दत्तोबांचा हात वर गेला आणि दोन्ही वेळा आम्ही जाऊन ट्रॅक्टरला टेकलो. "ब्रेक गेलाय वाटतं," अण्णा पुटपुटले. पुढे घाट होता, आणि चढला की उतरायचाही होता.

चढ निभावला. माथ्यावर दत्तोबांनी चाकांना दगड लावले, गाडीत वाकून हाताने ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं आणि दोर सोडला. ट्रॅक्टर वळवून त्यांनी चक्क आमच्या मागे आणला आणि दोर गाडीच्या मागच्या बाजूला बांधला.

"अहो, मग ओढणार कोण?"

"उतारावर वडायचं नसतं, साहेब. धरायचं असतंय. पूर्वी भाताच्या बैलगाड्या आमी अशाच मागनं दोरानं धरून उतरवायचो."

"निदान अण्णांना तरी उतरवा!"

"बसू द्या त्यास्नी. तुमी हँडब्रेकवर हात ठिवा."

उतार सुरू झाला. इंजिन बंद, त्यामुळे आवाज फक्त टायरचा आणि मागच्या ट्रॅक्टरच्या घरघरीचा. शेजारून गाड्या हॉर्न मारत जात होत्या. एका वळणावर अचानक पुढे बस थांबलेली दिसली. अण्णांनी पाय दाबला. गाडी थांबेना. मी हँडब्रेक खेचला, तरी बसची मागची काच मोठी होतच चालली. मी चक्क डोळे मिटले. मग मागून एकच हिसका बसला, दोर ताठ झाला आणि आम्ही थांबलो. बस दोन हातांवर होती. अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

खाली भुकूमच्या सपाटीवर आलो तेव्हा मी उतरून दत्तोबांकडे गेलो. "आधी ब्रेक बदलतो," म्हणालो.

त्यांनी मला ट्रॅक्टरच्या आडोशाला घेतलं. "ब्रेक चांगला हाय. वर हातानं दाबून बघितला म्या, लई कडक. त्यो जोरात दाबावा लागतुया. बाबांच्या पायात त्यो जोर ऱ्हायला न्हाई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्येंच्या म्होरं? आमचा म्हातारा बी शेवटपतूर कासरा सोडत न्हवता. त्येला न सांगता आमी मागनं गाडी धरायचो."

वर्षभर मी अण्णांना पटेल असं एक कारण शोधत होतो. ते आता हातात होतं आणि मला ते नकोसं झालं होतं. गाडीपाशी आलो. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत होते.

"मी दाबत होतो रे," ते म्हणाले. "सगळा जोर लावून दाबत होतो."

"जुना ब्रेक आहे, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? भूगाव अजून तीन किलोमीटर होतं. दत्तोबा दोर सोडून पुन्हा पुढे बांधत होते. अण्णा दार उघडून उतरले, गाडीच्या टपाला धरत धरत वळसा घालून आले आणि शेजारच्या सीटवर बसले.

"बस तिकडे," त्यांनी स्टिअरिंगकडे बोट केलं. "त्यांचा हात वर गेला की ब्रेक. आणि चांगला रेटून दाब. तुझ्या पायात आहे जोर."